ईरम्मानं पाहिलेलं पाणी

ईरम्मानं काठी टेबलाला टेकवून ठेवली, पदर सावरला आणि ती खुर्चीच्या कडेवर बसली, तेव्हा भीमाशंकर मास्तरांनी शपथेचे शब्द दुसऱ्यांदा म्हटले; या खेपेला कानडीत. तिनं गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीला हात लावला.

"खरं तेच सांगीन," ती म्हणाली. "कानडीत बी आन् मराठीत बी."

टेबलापलीकडे बसलेले थिटे वकील हसले. आज ते वकील नव्हते, साक्ष नोंदवायला कोर्टानं नेमलेले कमिशनर होते. ईरम्मानं मुंबईच्या हायकोर्टात एका आगबोट कंपनीवर दावा लावला होता. मोडलेला पाय नीट सांधला नव्हता, मुंबईचा प्रवास तिला झेपणार नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तेव्हा तिची साक्ष सोलापुरातच नोंदवून पाठवावी असा हुकूम झाला आणि कचेरीच्या आवारातली ही खोली मिळाली. थिट्यांच्या उजव्या हाताला ईरम्माचा वकील शंकरप्पा बसला होता. तिच्यासारखाच नवी पेठेतला, तरुण, कोट नवा. डाव्या हाताला कंपनीतर्फे मुंबईहून आलेले बॅरिस्टर दस्तूर. साक्ष लिहिली जायची इंग्रजीत, बाई बोलणार मराठी आणि कानडी मिसळून. म्हणून मधल्या खुर्चीवर दुभाषी भीमाशंकर मास्तर.

त्या खुर्चीसाठी दुसऱ्या कुणाचं नाव निघालंच नव्हतं. सोलापुरात इंग्रजीचं काही अडलं की माणसं मास्तरांच्या घराची वाट धरत. तार आली, गिरणीच्या साहेबाला अर्ज करायचा झाला, विलायतेहून आलेल्या यंत्राबरोबरच्या माहितीपत्रकाचा अर्थ लावायचा झाला, तरी मास्तरच. हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती आणि त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता मामलेदारीपर्यंत पोचली होती. सकाळी दस्तूरांनी त्यांच्याशी चार वाक्यं बोलून पाहिली आणि थिट्यांना म्हटलं, "असा दुभाषी मुंबईतही सहज मिळत नाही." मास्तरांनी फेट्याचा शेमला मागे टाकला. नम्रपणानं हसावंसं त्यांना वाटलं नाही. खरं ते खरं.

शंकरप्पानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. ईरम्मा सावकाश सांगत गेली. मालक चनमल्लप्पा. नवी पेठेत खणांचं आणि लुगड्यांचं दुकान. गोकर्णाच्या महाबळेश्वराला नवस बोललेला. माल बघायला मुंबईला गेले, ते तिथूनच दोघं आगबोटीनं पुढं निघाले, कारण चनमल्लप्पाला एकदा समुद्रावरून जायचं होतं. वैशाख सरत आलेला, हंगामातली जवळजवळ शेवटची बोट. गोकर्णाच्या अलीकडं एक लहान बंदर आहे. आगबोट तिथं काठाला लागत नाही, लांब पाण्यातच उभी राहते, आणि उतारूंना पडावातून, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या नावेतून, खाडीच्या तोंडानं आत नेतात.

"पडावात बसल्यावर पाणी कसं होतं?" शंकरप्पानं विचारलं.

ईरम्मानं उजवा हात पुढं केला, पालथा, आणि तो हळूच वर उचलला.

"फुगत व्हतं. घोंगडी पांघरून निजलेल्या माणसानं कूस बदलली की घोंगडी कशी वर येती? तसं. पडाव वर जायाचा, खाली यायाचा. पर मांडीवरचं गाठोडं सुदीक हललं न्हाय. मालक हसत व्हते."

मास्तरांनी घडीव इंग्रजीत सांगितलं की मोठी वेव्ह होती, तिच्यावर पडाव वरखाली होत होता, कोणाला इजा झाली नाही. घोंगडी त्यांनी गाळली. हायकोर्टात घोंगडी कशाला?

"मग?"

"मग खाडीच्या तोंडाशी आलो. तितं पाण्याखाली वाळूचा बांध हाय. तितं पाणी फुगलं न्हाय, उभं ऱ्हायलं. उभं ऱ्हाऊन वरनं फाटलं. तागा फाडताना कडंला चीर दिली की पुढं आपसूक टर्रदिशी जातंय की, तसं फाटत आलं. आन् फाटलं तितं सगळं पांढरं. त्यात पडाव उलटा झाला."

"वेव्ह आली," मास्तर इंग्रजीत म्हणाले, "आणि पडाव उलटला."

"आणि तुम्ही वाचलात कशा?"

ती टेबलावरच्या दौतीकडं बघत बोलली.

"मागनं लोटलं. ते फुगत न्हवतं, फाटत बी न्हवतं, नुसतं लोटत व्हतं. गड्ड्याच्या जत्रंत मागनं लोंडा आला म्हंजे पाय भुईला टेकत न्हाईत, तसं. मालकांचा हात कवा सुटला कळलं न्हाय. लोटत नेलं आन् वाळूवर टाकलं. पाय तितंच मोडला."

"एका वेव्हनं मला किनाऱ्यावर आणून टाकलं," मास्तर म्हणाले. 'नवऱ्याचा हात सुटला' हे मात्र त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगताना आवाज खाली आणला. थिट्यांचा टाक सगळ्यामागोमाग कुरकुरत गेला.

शंकरप्पा समाधानानं खाली बसला.

दस्तूर उठले. उंच, पिकल्या मिशांचा माणूस, बोलणं मऊ. कंपनीची बाजू त्यांनी सकाळीच थोडक्यात मांडली होती. समुद्र शांत होता, बोटीवरच्या कुणालाही धोक्याचं काही दिसलं नाही. पडावाचा तांडेल नागू हरिकंत्र ताडी प्यालेला होता आणि सुकाणू त्याच्या हातून सुटलं, म्हणून अपघात झाला. नागू तांडेल त्याच दिवशी बुडाला होता, चनमल्लप्पाबरोबरच. त्याला उलट बोलता येणार नव्हतं.

"बाईंच्या दुःखाबद्दल मला आदर आहे," दस्तूर म्हणाले. मास्तरांनी ते मराठीत सांगितलं. ईरम्मानं मान हलवली.

"पण त्यांच्या साक्षीत तीन ठिकाणी वेव्ह आहे. पहिली वेव्ह मोठी होती, पण तिच्यावर बाईंचे यजमान हसत बसले होते. दुसऱ्या वेव्हनं पडाव उलटला. तिसऱ्या वेव्हनं बाईंना अलगद काठावर आणलं. समुद्र त्या दिवशी एकच होता. मग त्यातली कुठली वेव्ह खरी मानायची? बुडवणारी की तारणारी? का पडाव वेव्हनं उलटलाच नाही, आणि नंतर लोकांनी सांगितलं तेच बाईंना आता आठवतं आहे?"

प्रश्न बिनतोड होता. मास्तरांना मनातल्या मनात त्याचं कौतुक वाटलं. त्यांनी तो मराठीत, तितक्याच धारेनं, ईरम्मापुढं ठेवला.

तिनं दस्तूरांकडं पाहिलंच नाही. ती मास्तरांकडं बघत राहिली. दुकानात गिऱ्हाइकानं नाणं टाकल्यावर ते वाजवून बघावं, तशी तिची नजर होती.

"मास्तर, एक इचारू?"

"मला नाही, अक्का. साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर द्या."

"त्येचंच उत्तर देतीया. मी आदी फुगलं म्हनले. मग फाटलं म्हनले. मग लोटलं म्हनले. तुमी तिन्ही डाव एकच बोललात. येव, का काय ते. मला इंग्रजी येत न्हाय, पर कान हाईत की. साहेबांनी बी मगाधरनं त्योच शबुद धरलाय. मी तीन कापडं दाखवली, आन् तुमी तिन्हीवर एकच चिठ्ठी डकवली. मग साहेब इचारणारच, ह्यातलं खरं कुठलं."

बाहेर गिरणीचा भोंगा झाला.

"काय म्हणतात बाई?" थिट्यांनी विचारलं. थिट्यांना मराठी कळत होतं. बाई काय म्हणाल्या ते त्यांनी नीट ऐकलं होतं. पण साक्ष दुभाष्याच्या तोंडूनच लिहायची होती, आणि टाक हातात धरून ते थांबले होते.

मास्तरांनी फेटा डोक्यावरून उतरवला, मांडीवर ठेवला. आत घाम आला होता. त्यांच्या डोळ्यांपुढं वर्गातला फळा आला. समुद्रावरची कविता नेमलेली असली की दर वर्षी ते त्या फळ्यावर लिहीत: स्वेल म्हणजे लाट, बिलो म्हणजे लाट, ब्रेकर म्हणजे लाट, सर्ज म्हणजे लाट. एखादं पोरगं विचारायचं, मास्तर, मग इतके शब्द कशाला? ते म्हणायचे, काव्यात लागतात. पोरगं खाली बसायचं. मास्तरांनी स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. मोठं पाणी म्हणून त्यांना ठाऊक होता तो हिप्परग्याचा तलाव.

ते उठून उभे राहिले. दुभाष्यानं उभं राहायची रीत नव्हती.

"साक्षीदार म्हणते," ते स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "की तिनं पाण्याच्या तीन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या आणि दुभाष्यानं तिन्हींना एकच शब्द वापरला. साक्षीदाराचं म्हणणं बरोबर आहे. चूक माझी आहे. तिचं बोलणं मला पुन्हा सांगू द्यावं."

"हरकत आहे," दस्तूर लगेच म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "माझा प्रश्न झाल्यावर दुभाषी उत्तराची सोय करतो आहे."

"दुभाषी स्वतःची चूक सांगतो आहे," थिटे म्हणाले. "तुमची हरकत लिहून घेतो. मास्तर, या खेपेला बाईंचं वाक्य जसंच्या तसं सांगा. घोंगडीसकट. मग तुमचा शब्द."

मास्तरांनी तसं केलं. घोंगडीखाली कूस बदलणाऱ्या माणसाचं त्यांनी नीट भाषांतर केलं आणि ते थांबले. जिभेवर आधी आला तो बिलो. भरदार शब्द, वर्गात म्हणताना त्यांना तो फार आवडायचा. पण बिलो उंच चढतो, खवळतो, गर्जतो. घोंगडीखालचा माणूस तर निजलेला होता.

"स्वेल," ते म्हणाले.

दुसऱ्या पाण्याला ते ब्रेकर म्हणाले, तेव्हा दस्तूरांनी हात वर केला.

"सर्फ का नाही? फुटणारं पांढरं पाणी म्हणजे सर्फ. तो कुठल्याही किनाऱ्यावर रोज असतो. मुलं त्यात खेळतात."

मास्तरांच्या लक्षात आलं की हा शब्दासाठीचा वाद नाही. सर्फ लिहिलं की पडाव उलटण्याजोगं तिथं काही नव्हतं असं होणार, आणि दोष पुन्हा तांडेलाकडं जाणार. पण तेवढ्यावरून ब्रेकर म्हणणंही बरोबर नव्हतं. त्यांनी थिट्यांची परवानगी घेतली आणि ते ईरम्माकडं वळले. सकाळपासून त्यांनी तिला स्वतःहून काही विचारलं ते आत्ताच.

"अक्का, ते पांढरं कुठं होतं? वाळूच्या काठाशी, की काठापासून लांब?"

"काठ कुटला? काठ लई लांब व्हता. मदीच, पाण्यातच उभं ऱ्हायलं ते. एकामागं एक, वळीनं."

"सर्फ काठाशी असतो," मास्तर दस्तूरांना म्हणाले. "काठापासून लांब, पाण्याखालच्या बांधावर येऊन एकेक लाट उभी राहते आणि फुटते, ती ब्रेकर. मी ब्रेकरच म्हणेन."

"तुम्ही समुद्र पाहिला आहे?"

"नाही."

"मग हे कशाच्या आधारावर सांगता?"

"शब्द मला कोशातून ठाऊक होते. पाणी बाईंनी पाहिलं आहे. दोन्ही जुळवायचं, एवढंच माझं काम. ते मी सकाळी केलं नाही. आता करतो आहे."

थिट्यांनी टाक खाली ठेवला. "बॅरिस्टरसाहेब, तुमचा बंगला समुद्रावरच आहे ना? मी लिहिण्याआधी तुम्हीच सांगा. बाईंनी सांगितलं त्याला काय म्हणायचं?"

दस्तूरांनी चष्मा काढून पुसला. अशिलाचं हित आणि रोज खिडकीतून दिसणारं पाणी, यांच्यामध्ये ते थोडा वेळ उभे राहिले.

"ब्रेकर," ते म्हणाले. "शब्द बरोबर आहे."

तिसऱ्या, लोटणाऱ्या पाण्याला सर्ज. त्यावर कुणी वाद घातला नाही. तीन नावं तीन ओळींवर उतरल्यावर थिट्यांनी सकाळचं पान पुन्हा वाचलं, आणि दस्तूरांचा मघाचा बिनतोड प्रश्न आता लागू पडेना. पण ते कसलेले वकील होते. त्यांनी दुसरीकडून हात घातला.

"ठीक. ब्रेकर होते. मग ते बोटीवरून का दिसले नाहीत? कंपनीचा कारकून डेकवर उभा होता. त्याला दिसला तो स्वेल. बाई, तुम्हीही त्याच डेकवर होता. तुम्हाला पांढरं दिसलं होतं?"

"न्हाय," ईरम्मा म्हणाली.

शंकरप्पा चमकून पुढं झुकला. तिनं त्याला हातानंच बसवलं.

"बोटीवरनं पाण्याची पाठ दिसती, साहेब. पाठ गुळगुळीत असती. माणूस हसतोय का रडतोय, पाठीमागनं कळतंय व्हय? पांढरं समदं पल्याडच्या अंगाला. तांडेल काठाकडनं पडाव घेऊन आला व्हता. त्यानं पाण्याचं तोंड बगितलं व्हतं. वर येऊन त्या कारकून बाबूला म्हनला, भरती भरू द्या, बांदावर पाणी चढलं की फाटायचं थांबतंय, मग नेतो समद्यास्नी. बाबू म्हनला, काय न्हाय, पाणी नुसतं हलतंय, बोटीला उशीर व्हतोय, उतरा. दोगं बी आपापल्या जागी खरंच बोलत व्हते. पर बाबूनं पाठ बगितली आन् हुकूम दिला."

मास्तरांनी प्रत्येक वाक्य उचललं, तोललं आणि खाली ठेवलं. पाठ, तोंड, बांध, भरती. काही गाळलं नाही. इंग्रजी वाक्यं आज त्यांच्या नेहमीच्या वाक्यांपेक्षा आखूड होत होती, हे त्यांच्या स्वतःच्याच कानाला जाणवत होतं.

"तांडेल असं म्हणाला याला दुसरा साक्षीदार नाही," दस्तूर म्हणाले. "प्यालेला माणूस कामाची टाळाटाळ करतो. नंतर येतो, असंच म्हणतो. यावर बाईंना काही सांगायचं आहे?"

ईरम्मानं काठी हातात घेतली. उठली नाही, नुसती धरून बसली.

"पाय मोडल्यावर मला कुनी हलवलं न्हाय. तितंच वाळूवर पडले व्हते. दिवस कलताना त्याच जागंवर पाण्याला नुसत्या चुण्या पडत व्हत्या, लुगडं धुऊन वाळत घातलं की पडतात..."

"संध्याकाळच्या पाण्याचा या दाव्याशी संबंध नाही," दस्तूर म्हणाले आणि कागद गोळा करू लागले. "हे लिहायची गरज नाही."

"बाईंचं वाक्य अजून पुरं झालेलं नाही," मास्तर म्हणाले.

थिट्यांनी मान हलवली. मास्तरांनी लुगड्याच्या चुण्या सांगितल्या आणि शब्द दिला, रिपल. मग ते ईरम्माकडं वळून थांबले.

"भरती आली व्हती," ती म्हणाली. "बांदावर पाणी चढलं व्हतं. फाटायचं थांबलं व्हतं. एक लहान होडी आली त्याच वाटंनं, मालकास्नी घेऊन. पाणी तिला कुटं लागलं बी न्हाय. तांडेल म्हनला व्हता तसंच झालं, साहेब, शबुदाला शबुद. पाणी पुढं काय करनार हे ज्येला एवडं कळत व्हतं, त्यो पिलेला व्हता म्हनता? त्येच्या बायकूनं माज्या पायाला फळ्या बांदल्या. माझा मालक गेला, त्यो काय भरपाईनं येत न्हाय. पर तिच्या मालकाला दारूड्या म्हनून लिवून ठेवलंय तुमी. ते खोडून घ्याला आले मी."

मास्तरांना हे सांगायला वेळ लागला. मध्ये एकदा त्यांनी पाणी मागून घेतलं आणि वाक्य पहिल्यापासून सांगितलं, मधूनच नाही. 'घेऊन' या शब्दाशी ते अडले. होडी नवऱ्याला घेऊन आली, की नवऱ्याचं प्रेत घेऊन आली? बाई घेऊन म्हणाली होती. त्यांनी तेच ठेवलं.

दस्तूरांनी उलटतपासणी संपल्याचं सांगितलं. गोळा केलेले कागद त्यांच्या हातातच राहिले होते.

साक्ष वाचून दाखवण्यात दुपार गेली. मास्तरांनी इंग्रजीतलं पुन्हा मराठीत आणलं, आणि ईरम्मा बोटं मिटत ऐकत गेली: फुगलं, फाटलं, लोटलं, चुण्या. मग तिनं सही केली. खाली मास्तरांनी लिहून दिलं की आधीच्या तीन ठिकाणचं भाषांतर दुभाष्याच्या चुकीमुळे बदललं आहे. सहीखाली त्यांनी आपली बी. ए. ची पदवी लिहिली नाही. निघताना दस्तूर त्यांच्यापाशी आले. सकाळचं कौतुकाचं वाक्य ते पुन्हा म्हणतील असं शंकरप्पाला वाटलं होतं. दस्तूरांनी नुसता हात पुढं केला आणि मास्तरांचा हात जरा जास्त वेळ धरला.

गावात गोष्ट दोन तऱ्हांनी पसरली. काहींनी सांगितलं, खणवाल्या ईरम्मानं भीमाशंकर मास्तरांचं इंग्रजी उघडं पाडलं. काहींनी सांगितलं, मास्तरांनी मुंबईच्या बॅरिस्टरला गप्प केलं. मास्तरांनी दोन्ही ऐकलं, दोन्हीला हरकत घेतली नाही. त्यांच्या दारात अर्ज आणि तारा पहिल्यासारख्याच येत राहिल्या. फरक इतकाच झाला की माणूस सांगू लागला की मास्तर मध्येच म्हणत, "म्हणजे कसं?" लोकांना त्याचा कंटाळा येई.

थंडी सरताना एका दुपारी ते नवी पेठेतून चालले होते. ईरम्मानं दुकानातून हाक मारली. चनमल्लप्पाच्या गादीवर आता ती स्वतः बसत असे, मोडका पाय लांब करून. समोर खणांच्या घड्या उघडून पडल्या होत्या. तिनं गिऱ्हाईक आटोपलं, मास्तरांना लोडाशी बसवलं आणि मुंबईहून आलेलं पत्र त्यांच्यापुढं केलं. शंकरप्पानं त्यातला मजकूर तिला सांगितला होता, पण तिला तो मास्तरांच्या तोंडून हवा होता.

पत्र सरळ होतं. कंपनी तडजोडीला तयार होती. भरपाई देणार होती, मात्र तांडेलाबद्दलचा मजकूर तसाच राहील म्हणत होती.

"मी न्हाय म्हनून सांगितलं," ईरम्मा म्हणाली. "मग आता जज्जसाहेबाला मला समक्ष ऐकायचंय. पाय बी आता चालन्यासारका झालाय. चैतात तारीख हाय."

"मी येईन मुंबईला. शाळेतून रजा काढतो."

"शंकरप्पानं इचारलं. चालत न्हाय म्हनं. हायकोर्टात त्येंचाच दुभाषी असतोय, त्येंच्याच पगारावरचा." तिनं एक घडी उचलली, चोळून बघितली, पुन्हा ठेवली. "त्यो चांगला बी असंल. तुमी बी चांगलेच व्हता की त्या दिशी सकाळच्याला."

मास्तर मोठ्यानं हसले. दुकानाबाहेरून जाणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं.

"म्हनून म्हनते, मला इंग्रजी शिकवा."

"अक्का, चैत्राला किती दिवस राहिले? एवढ्यात इंग्रजी येत नसतं. पोरांची वर्षंच्या वर्षं जातात."

"बोलाया कुटं म्हनते मी? माजं बोलनं माज्याच भाषेत हुईल. पर त्येचं चुकायला लागलं की मला मदी पडता आलं पायजे. आन् ते जज्जाला कळलं पायजे, दुभाष्याला न्हवं. एवड्यापुरतं शिकवा."

मास्तरांनी फेटा सारखा केला. समोर बसलेल्या बाईचं वय, तिचा पाय, तिनं नाकारलेलं पत्र, हे सगळं त्यांना दिसत होतं, आणि तिला हे जमणार नाही असं मात्र त्यांना कुठंच दिसत नव्हतं.

"सांगा," ते म्हणाले. "पहिला शब्द कुठला पाहिजे?"

"थांबा. थांबाला काय म्हनत्यात?"

उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी तिथंच धरलं.

"कुठलं थांबा, अक्का? चाललेल्या माणसाला अडवायचं ते, की जरा धीर धरा, वेळ येऊ द्या, असं म्हणायचं ते? त्यांच्यात दोन निराळे शब्द आहेत."

ईरम्मा पेठेकडं बघत राहिली. एक हातगाडी गेली, तिच्यामागून दुसरी गेली. समोरच्या दुकानात कुणीतरी भाव करत होतं.

"तांडेल बाबूला दुसरं म्हनला व्हता," ती म्हणाली. "मला पयलं शिकवा."